साथ करणारीने काय शिकावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी व्यासपीठावर उभे राहिले म्हणजे मंडळाच्या वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. ते काम आपल्या चिटणीसबाईंनी आत्ताच उत्तम रीतीने पार पाडले आहे. माझ्यावर अध्यक्षबाईंनी निराळेच काम सोपविले आहे. गेल्या वर्षी सहा महिने मी मुलीकडे अमेरिकेत, टेनेसी राज्यात, राहून आले आणि तेथे पियानोवर तिकडच्या ‘कंट्री’ गाण्यांची साथ करायला शिकले, ही बातमी मी परत येण्यापूर्वीच आपल्या आळीत पोहोचली होती. आल्यावर पुष्कळजणींनी विचारले, “अहो, वीस वर्षे गुरुवारच्या भजनाला पेटी धरता, आता साठी उलटल्यावर हा पियानो कशाला? आणि शिकलात तर शिकलात, त्याचा आम्हाला उपयोग काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच मी उभी आहे.

प्रथम हे ‘कंट्री’ गाणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियन नावाची डोंगराची मोठी रांग आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडकडून आलेले लोक ह्या डोंगरांत वस्ती करून राहिले आणि येताना आपली जुनी कथागीते व सारंगीसारखे वाजणारे फिडल बरोबर घेऊन आले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून बॅंजो हे वाद्य आले. चर्चमधली स्तोत्रे त्यांत मिसळली. ह्या सर्वांतून जे गावाकडचे गाणे तयार झाले, ते कंट्री. त्यात शेत असते, आगगाडी असते, दूर गेलेला नवरा असतो, म्हातारी आई असते. आपल्या जात्यावरच्या ओव्या जशा आईकडून लेकीकडे आल्या, तशीच ही गाणी घराघरांतून, चुलीपाशी, ऐकून ऐकून पुढे आली.

१९२७ सालच्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनिया ह्या दोन राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल ह्या गावी राल्फ पीअर नावाचे गृहस्थ व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला आले. त्यांच्यापुढे डोंगरातून आलेल्या एका कुटुंबातल्या तिघांनी गाणी म्हटली. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा, आणि मेबेल. ही मेबेल म्हणजे सेराची नात्याने बहीण आणि शिवाय जाऊ. त्या वेळी मेबेलचे वय अवघे अठरा, आणि दिवस भरत आलेले. पुढे ‘कार्टर फॅमिली’ ह्या नावाने हे कुटुंब अमेरिकेत घरोघर माहीत झाले. मेबेलची गिटार वाजविण्याची एक खास तऱ्हा होती. अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायचा. ही तऱ्हा तिला कोणा उस्तादाने शिकविली नव्हती. घरी, आपल्या माणसांत, गाण्याला आधार हवा म्हणून तिने ती बसविली, आणि पुढे कित्येक पिढ्यांतल्या गिटारवाल्यांनी ती उचलली. साथ हे बायकांच्या हातचे, घरातले काम आहे, हे मला प्रथम तिच्या गोष्टीवरून पटले.

पियानो ह्या गाण्यात उशिरा शिरला. डोंगराळ वाटेने पाठीवर गिटार नेता येते, पियानो नेता येत नाही. तो आला चर्चमधून, गावातल्या नाचघरांतून आणि सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांतून. नॅशव्हिल शहरी १९२५ साली रेडिओवर सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गाण्याचा कार्यक्रम आजतागायत चालू आहे. त्या कार्यक्रमात १९५३ साली डेल वूड ही बाई पियानोवादक म्हणून दाखल झाली. तिचे ‘डाउन यॉन्डर’ हे नुसत्या वादनाचे ध्वनिमुद्रण १९५१ साली फार गाजले होते. तिने शास्त्रोक्त पाश्चात्य संगीत वाजवावे अशी तिच्या आईवडिलांची इच्छा होती. तिचा ओढा मात्र ठेकेबाज, उड्या मारणाऱ्या वादनाकडे होता, आणि शेवटी तिने तेच केले.

आता माझ्या शिकण्याकडे वळते. मुलीच्या घराजवळ एक वृद्ध बाई राहतात. त्या आपल्या चर्चमध्ये पियानो वाजवितात आणि दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चारपाच शेजारी गाणी म्हणायला जमतात. मी पेटी वाजविते हे कळल्यावर त्यांनी मला सरळ पियानोपाशी बसविले. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या. पट्ट्या ओळखीच्या असल्याने मला वाटले, हे काय, मोठी पेटीच तर आहे! पण बसल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली ही, की आपला डावा हात जन्मभर भाता मारीत आला. त्याला पट्टी कशी ती ठाऊकच नाही, आणि इकडे तर निम्मे काम डाव्या हाताचे. दुसरी ही, की पेटीचा सूर भाता हलतो तोवर टिकतो. पियानोचा सूर तारेवर हातोडी पडली की उमटतो आणि लगेच विरू लागतो. म्हणून पेटी सूर धरून ठेवते, तर पियानोला लय पुन्हा पुन्हा ठोकून द्यावी लागते.

त्यांनी मला पहिला धडा दिला तो तीन आकड्यांचा. कंट्री गाण्यांपैकी पुष्कळशी गाणी फक्त तीन स्वरसमूहांवर चालतात. त्यांना तिकडे कॉर्ड म्हणतात. एक, चार आणि पाच. आपल्या भाषेत षड्जाचा, मध्यमाचा आणि पंचमाचा. सा-ग-प एकत्र दाबले की एक नंबर, म-ध-सा म्हणजे चार नंबर, प-नि-रे म्हणजे पाच नंबर. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘जॉर्डनेअर्स’ ह्या गायकमंडळीतल्या नील मॅथ्यूज ह्यांनी ही आकड्यांची पद्धत बसविली आणि चार्ली मॅकॉय वगैरे वादकांनी ती नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणगृहांत रूढ केली. तिचा गुण असा, की गायकाने ऐन वेळी सूर चढवायला वा उतरवायला सांगितला तरी कागदावरचे आकडे बदलावे लागत नाहीत. तिकडच्या लोकांना ह्या युक्तीचे मोठे कौतुक आहे. आपल्याला तिचे नवल वाटू नये. आपण काळी एकचा षड्ज असो की काळी पाचचा, त्याला सा-च म्हणतो. त्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या फार खूष झाल्या आणि त्यांनी माझ्याकडून सारेगम लिहून घेतली.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. कोणतीही पट्टी सा धरा. तिच्या उजवीकडच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने मोजा. पाचवी पट्टी मध्यम, सातवी पट्टी पंचम. आणि कॉर्ड करायची तर मूळ सुरापासून चौथी पट्टी आणि तिच्यापासून पुढची तिसरी, अशा दोन मिळवायच्या. एवढ्या हिशेबावर बाराही सुरांतून साथ करता येते. पुष्कळ गाण्यांचा सांगाडाही ठरलेला असतो. उदाहरणार्थ, पहिल्या ओळीत एक, एक, चार, एक. दुसरीत एक, एक, पाच, पाच. तिसरी पहिलीसारखी. चौथीत एक, पाच आणि शेवटी एकवर मुक्काम. आपले कान तयार असल्यामुळे कोठे आकडा बदलणार, हे दोनतीन दिवसांत न सांगता कळू लागते.

दुसरा धडा डाव्या हाताचा. चार मात्रांच्या गाण्यात पहिल्या मात्रेला डाव्या हाताने खालचा सा, दुसरीला उजव्या हाताने कॉर्ड, तिसरीला डाव्या हाताने खालचा प, चौथीला पुन्हा कॉर्ड. डावा हात म्हणजे ढोलकीची घुम आणि उजवा हात म्हणजे टाळ, असे मी मनाशी ठरविले आणि मग ते जमले. तीन मात्रांच्या गाण्यात घुम एक आणि टाळ दोन. १९६५ साली टेनेसी राज्याने आपले राज्यगीत म्हणून स्वीकारलेले ‘टेनेसी वॉल्ट्झ’ हे गाणे असेच तीन मात्रांचे आहे. दादरा ज्यांच्या अंगात मुरला आहे त्यांना ते जड जात नाही. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाताना डाव्या हाताने मधल्या सुरांची पायरी करायची. एकवरून चारवर जाताना सा-रे-ग-म, पाचवरून परत येताना प-ध-नि-सा. त्यामुळे गाणारीला पुढचा मुक्काम आधीच ऐकू येतो आणि ती अडखळत नाही.

तिसरा धडा हात न हलविण्याचा. मी प्रथम सा-ग-प वरून उचलून म-ध-सा वर उडी मारीत असे. त्यांनी दाखविले, की सा जागच्या जागी ठेवावा, ग चा म करावा आणि प चा ध करावा. चार नंबर आपोआप होतो. पाचसाठी प जागेवर ठेवावा आणि सा चा खालचा नि व ग चा रे करावा. बोटे जेमतेम एकेक पट्टी सरकतात, आवाजाला धक्का बसत नाही, आणि पट्ट्यांकडे पाहावे लागत नाही. मग डोळे मोकळे राहतात ते कोणासाठी? गाणारीच्या तोंडाकडे पाहण्यासाठी.

चौथा धडा मला सर्वांत अवघड गेला. आपल्याकडे पेटीची साथ म्हणजे गाणारीच्या मागोमाग तीच चाल वाजविणे. ती पुढे, पेटी एक पाऊल मागे. कंट्री गाण्यात हे चालत नाही. बाई गात असताना पियानोने चालीला हात लावायचा नाही. फक्त घुम आणि टाळ, तीही हलकी. ओळ संपून ती श्वास घेते, तेवढ्या फटीत चारसहा सुरांची एक छोटी जागा घ्यायची आणि तिने तोंड उघडण्यापूर्वी बाजूला व्हायचे. शब्दावर सूर पडला की त्या बाई हात वर करून मला थांबवीत. पहिले तीन आठवडे त्यांनी मला फटी भरूच दिल्या नाहीत. नुसते गप्प बसून फट कोठे आहे ते ओळखायला लावले. स्वतःची परीक्षा घ्यायची खूणही त्यांनी सांगितली. वाजविताना आपल्याला तेच गाणे म्हणता आले पाहिजे. म्हणता येत नसेल तर आपण फार वाजवितो आहोत, असे समजावे.

पाचव्या धड्यात एक गंमत आहे, ती आपल्याला विशेष आवडेल. आपल्याकडे १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. पेटीवर मोठा आक्षेप असा, की तिचे सूर ठोकळ्यासारखे ठरलेले, तिला मींड घेता येत नाही. पियानोचे दुखणे तेच. फिडल घसरते, स्टील गिटार रडते, आणि कंट्री गाण्याचा सारा जीव त्या घसरण्यात. मग पियानोने काय करावे? १९६० साली नॅशव्हिलमध्ये एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी चेट अ‍ॅटकिन्स ह्यांनी फ्लॉइड क्रेमर ह्या वादकाला गीतकार डॉन रॉबर्टसन ह्यांनी वाजविलेला नमुना ऐकविला आणि तसे वाजवायला सांगितले. त्या नमुन्यात मुख्य सुराच्या आधी खालचा सूर क्षणभर छेडून वर सरकण्याची तऱ्हा होती. क्रेमरने ती उचलली, त्याच वर्षी ‘लास्ट डेट’ हे स्वतःचे वादन त्याच ढंगाने केले, आणि ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. ही तऱ्हा अशी : करंगळीने प धरून ठेवायचा, दुसऱ्या बोटाने रे ला निसटता स्पर्श करून लगेच तिसऱ्या बोटाने ग वर यायचे. आपण ज्याला कणस्वर म्हणतो, तोच हा. पट्टी वाकत नाही, परंतु कानाला वाकल्याचा भास होतो. गोविंदराव टेंब्यांसारख्या थोर वादकाने भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे पेटी बोलती केली, ती ह्याच जातीच्या युक्त्यांनी. वाद्यातले उणे ओळखून त्याच्याकडून गाण्याची नक्कल करवून घेणे हे दोन्ही देशांतल्या साथीदारांचे सारखेच काम.

नॅशव्हिलमधला दुसरा मोठा साथीदार हार्गस रॉबिन्स. अगदी लहानपणी अपघाताने त्याची दृष्टी गेली. अंधांच्या शाळेत सातव्या वर्षी तो पियानो शिकू लागला, आणि पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ त्याने असंख्य गायकांना साथ केली. २०२२ साली तो वारला. ध्वनिफितीवर नाव गायकाचे असे. ह्याचे नाव बारीक अक्षरात. तरी २०१२ साली कंट्री संगीताच्या सन्मान्य मंडळींत त्याची गणना झाली. साथीच्या कामाची कदर होते, पण उशिरा होते.

आता मूळ प्रश्न, की आपल्याला ह्याचा उपयोग काय? मी काही अभंगाला एक-चार-पाचची झूल घाला असे सांगायला आलेली नाही. आपली चाल रागावर चालते, तिला कॉर्डचे ओझे सोसत नाही. पण साथीचा जो धडा आहे तो दोन्हीकडे लागू पडतो.

आपल्या मंडळात गाणाऱ्या पुष्कळ आहेत. पेटीवर बसणाऱ्या आम्ही दोघी, आणि दोघींची बोटे आता थंडीत आखडतात. आम्हाला जमले नाही की बाहेरून माणूस आणावा लागतो, आणि तो मिळाला नाही की गुरुवार कोरडा जातो. मुली पेटीच्या परीक्षा देतात, प्रमाणपत्रे आणतात, पण परीक्षेत वाजवायचे ते एकटीने. दुसरीच्या गाण्यामागे बसायला कोणी शिकवीत नाही आणि कोणी शिकायला मागत नाही. त्यात नाव होत नाही ना!

आणखी एक गोष्ट सांगते. आपल्यातल्या एका भगिनी, ज्यांचा आवाज ऐकण्यासाठी पूर्वी लोक बाहेरच्या ओट्यावर उभे राहात, त्या आजारपणानंतर तीन वर्षे गायल्या नव्हत्या. आवाज गेला, असे त्या म्हणत. आम्हीही तसेच मानीत होतो. परत आल्यावर एका दुपारी मी त्यांच्या घरी बसले आणि त्यांना त्यांचा आवडता अभंग नुसता गुणगुणायला सांगितला. पेटी उघडलीच नाही. आधी त्यांचा सूर कोठे लागतो ते ऐकले. तो पूर्वीच्या काळी पाचवरून काळी तीनवर उतरला होता. चार पट्ट्यांचा फरक. आवाज गेला नव्हता, खाली येऊन थांबला होता, आणि आमची पेटी मात्र काळी पाचवरच बसून होती. मग मी काळी तीनचा सा धरून अगदी हलका आधार दिला, मधे मधे गप्प राहिले, आणि त्यांनी सबंध अभंग म्हटला. गेल्या तीन गुरुवारी त्या आपल्यात गायल्या, हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

हल्ली कळ फिरवून सूर चढवता-उतरवता येईल अशा पेट्या मिळतात, विजेच्या कीबोर्डवर तर एक बटण दाबले की काम होते. ती सोय जरूर वापरावी. परंतु किती उतरवायचे आणि कोणासाठी उतरवायचे, हे बटणाला कळत नाही. ते समोरच्या बाईचे ऐकल्यावाचून समजत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. दर मंगळवारी दुपारी चार ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसेन. पेटी आहे, आणि माझ्या मुलीने दिलेला छोटा कीबोर्डही मी आणून ठेवीन. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, फी नाही. ज्यांना येईल त्यांनी दोघी-दोघींनी यावे, एक गाणारी आणि एक वाजविणारी. पुढच्या आठवड्यात जागा बदलायची. सुनांनी सासूबाईंना घेऊन यावे, मुलींनी आजीला. आजीच्या गाण्यांपैकी जी कोठे लिहिलेली नाहीत ती आधी म्हणावीत, म्हणजे वाजविणारीला पुढचे काय ते पुस्तकात सापडणार नाही आणि तिला आजीकडेच पाहात बसावे लागेल. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत अशा चार जणी तयार झाल्या तरी आपला गुरुवार कोरडा जाणार नाही.

 पहिल्या मंगळवारी येणाऱ्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे आजच द्यावीत, म्हणजे सतरंज्या किती घालायच्या ते ठरविता येईल.